दगडूभाऊंची उतरती कटिंग

दर रविवारी चर्च सुटलं की दगडूभाऊ फिलिपच्या सलूनमध्ये येत, बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसत आणि दोन-अडीच तास लोकांच्या माना बघत. मग उठत, फिलिपला रामराम करत आणि केस न कापता घरी जात. असं वर्षभर तरी चाललं होतं. त्यांचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते.

एरवी त्या केसांचा डोक्यावर मोठा अंबाडा असे. दगडूभाऊ श्रीरामपूरच्या रेल्वे मालधक्क्यावर हमाल होते. बाकीचे हमाल डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून पोतं घेत, यांना चुंबळ लागत नसे. "देवीनं तुला फुकट गादी दिलीया," असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "तुला पायजे तर घेऊन जा. उशाला घे." केस दाट आणि विलक्षण कुरळे. एखादी बट ओढून सोडली तर ती परत आपल्या जागी जाऊन गुंडाळून बसे.

हे केस त्यांचे नव्हते, मरीआईचे होते. त्यांच्या आईची आधीची तीन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली. चौथा झाला तेव्हा मरणाला त्याचा मोह पडू नये म्हणून नाव ठेवलं दगडू, आणि तेवढ्यावर भरवसा न ठेवता त्याला मरीआईला वाहिलं. "नाव दगडाचं, केस बयेचे," दगडूभाऊ म्हणायचे, "मग मी कुठं हाय त्ये एकदा दाखवा." बारा वर्षांचे झाल्यावर त्यांना खणांचा घागरा नेसवला, पायात घुंगरू बांधले, हातात आसूड दिला आणि पोतराज केलं. पुढची वीस वर्षं ते गावोगाव दारात उभं राहून स्वतःच्या अंगावर आसूड ओढत होते. बायाबापड्या सुपातून दाणे घालत होत्या आणि पोरं वळ मोजत होती.

मग एक दिवस त्यांनी आसूड प्रवरेच्या पाटात सोडला आणि मालधक्क्यावर येऊन उभे राहिले. आई दोन दिवस जेवली नाही. तिची नजर तोवर गेलेली होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आसूड टाकलास, टाक. पर केसाला लोखंड लावू नगं. लावलंस तर बया तुला न्हील. तेवढं एक मागती." दगडूभाऊंनी हो म्हटलं.

आणि त्यांना केस कापायचे होते. दुसरं काही नको होतं. पगारवाढ नको, दुसरं लग्न नको (बायको तापात गेली होती), गावी जमीन नको. चार माणसांसारखी कटिंग हवी होती. तीही कुठलीही नव्हे: वर दाट, बाजूला कमी आणि मागून मानेपर्यंत हळूहळू उतरत आलेली.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. आमच्या घरी धान्याच्या कणगीतसुद्धा पत्रकं असत. वडील जन्मभर चळवळीत होते. मी अक्षरं शिकलो ती मोर्च्यांच्या आणि सभांच्या कागदांवर. जगातला कुठलाही अन्याय पाठपोट छापलेल्या एका कागदात मावतो, आणि तो कागद वाटला की निम्मं काम झालं, असं माझं प्रामाणिक मत होतं. दगडूभाऊ मला भेटले ते फिलिपच्या बाकावर, आणि त्यांची हकिकत कळल्या क्षणापासून मला त्यांच्या डोक्यावर एक कागद दिसू लागला.

"दगडूभाऊ, थांबलात कशाला? आज कापा," मी म्हटलं.

"घाईचं काम न्हाई ह्ये," ते म्हणाले. "डोकं अजून ठरलं न्हाई."

त्यांचं डोकं ठरत होतं ते असं. खुर्चीवर गिऱ्हाईक बसलं की ते बाकावरून किंचित पुढं सरकत. सरळ केसांच्या माणसाकडे त्यांचं लक्ष नसे. कुरळ्या केसांचा कुणी आला की मात्र डोळे बारीक करून बघत राहत आणि तो गेल्यावर निकाल देत. "बाजूला जास्ती झालं. डोकं मडक्यावानी दिसाय लागलं." किंवा, "वर कमी क्येलं तुमी. आता कुरळं वाटंना, नुसतं खरबरीत वाटतंय." फिलिप तिसऱ्या पिढीचा कारागीर. त्याच्या आजोबांनी मिशनच्या साहेबांच्या दाढ्या केल्या होत्या. तो सुरुवातीला चिडायचा. मग हळूहळू कात्री थांबवून बाकाकडे वळून विचारायला लागला, "काय दगडूभाऊ, इथं अजून घेऊ का?" ज्याचं डोकं असे तो आरशातून दोघांकडे आळीपाळीनं बघत बसे.

गावात एका हायस्कुलात एक ड्रिलमास्तर होते. केस दगडूभाऊंसारखेच कुरळे आणि मागून सुरेख उतरलेले. हे मास्तर कुठे कटिंग करतात ते कुणाला माहीत नव्हतं, कारण ते सुट्टीत नाशिकला जाऊन येत. एका संध्याकाळी दगडूभाऊ रेल्वे फाटकापासून त्यांच्या मागे चालू लागले. मास्तर थांबले की हे थांबत. मास्तर वळले की हे आभाळाकडे बघत. पोस्टापाशी मास्तरांनी गर्रकन वळून विचारलं, "काय पाहिजे तुला?"

"काय न्हाई, गुरुजी. तुमची मागची बाजू बघतूय."

कमरेपर्यंत केसांचा, खांद्यावर पोत्यांची धूळ असलेला माणूस असं म्हणाल्यावर कुणीही पोलीस चौकी गाठली असती. पण दगडूभाऊंनी पुढं विचारलं, "किती दिवसांनी कापता? वर किती बोटं ठेवता? हात फिरवल्यावर कसं लागतं?" मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग पोस्टाच्या पायरीवर बसले, टोपी काढली आणि म्हणाले, "फिरवून बघ." दगडूभाऊंनी दोन्ही हात आधी सदऱ्याला पुसले. ही हकिकत स्वतः मास्तरांनीच मला सांगितली आणि सांगताना ते हसले नाहीत.

पण कापणार कोण? इथं दुसरी अडचण होती. गावातला एकही न्हावी देवीच्या केसाला हात लावायला तयार नव्हता. मी फिलिपला म्हटलं, "तू तर ख्रिस्ती. तुला मरीआईचं काय?"

फिलिपनं वस्तरा पट्ट्यावर ओढता ओढता विचार केला. "येशूला मी समजावून सांगीन," तो म्हणाला. "तुमच्या मरीआईला कोण सांगणार? ती काय माझ्या ओळखीची आहे?"

मला हे सगळं असह्य होत होतं. एका माणसाचं डोकं त्याचं स्वतःचं नाही आणि तो बाकावर बसून दुसऱ्यांच्या माना बघतोय. मी आमच्या मित्रमंडळाची बैठक घेतली आणि बैठकीतून उठून छापखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी गुलाबी कागदावर पत्रक निघालं: अंधश्रद्धेच्या बेड्या तोडा, पोतराज दगडू यांचे बाजारतळावर जाहीर मुंडन, सर्वांनी यावे. मजकूर मीच लिहिला होता, प्रुफंही मीच तपासली होती आणि त्यात एकही चूक नव्हती. दगडूभाऊंना मी विचारलं नव्हतं. चांगल्या कामाला विचारायचं काय, असं मला वाटलं.

दगडूभाऊंना वाचता येत नसे. धक्क्यावरच्या कुणीतरी त्यांना पत्रक वाचून दाखवलं. ठरल्या वेळी ते धुतलेला सदरा घालून, केस मोकळे सोडून बाजारतळावर आले आणि आम्ही मांडलेल्या खुर्चीवर बसले. गर्दी चांगली होती. मी भाषण केलं. गुलामी या शब्दावर टाळ्या पडल्या. मग आमच्यातला एकजण नवा वस्तरा घेऊन पुढे आला.

दगडूभाऊंनी हात वर केला. "कोंती कटिंग हाय?"

"कटिंग नाही, दगडूभाऊ. मुंडन. साफ."

"मुंडन कवा करत्यात, पत्रकवाले?"

 माझे वडील आदल्या वर्षी गेले होते आणि मी तत्त्व म्हणून मुंडन केलं नव्हतं. त्या तत्त्वाच्या भरात मुंडनाचा अर्थच माझ्या डोक्यातून निघून गेला होता.

"माझी आय जित्ती हाय," दगडूभाऊ म्हणाले. "घरी बसून माझी वाट बघतीया. आन् मी गुळगुळीत डोकं घेऊन तिच्या म्होरं जाऊ?" ते उठले, केसांचा अंबाडा बांधला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. लोक हसले. कुणाला हसले ते मला नीट कळलं, म्हणून रात्रभर राग आला.

पुढच्या रविवारी मी सलूनमध्ये भांडायला गेलो. दगडूभाऊ आपल्या जागेवर होते.

"तुम्ही आमचा कार्यक्रम उधळलात," मी म्हटलं.

"कागुद तुमचा, सभा तुमची, वस्तरा तुमचा. माझं नुसतं डोकं हुतं. त्ये मी घेऊन गेलो."

"सरळ सांगा, तुम्ही देवीला भिता."

"बयेला न्हाई भीत. वीस वर्सं तिच्या नावानं मार खाल्ला, आता ती आनि काय करंल? म्हातारीला भितूय."

"मग आई जाईपर्यंत थांबणार?"

फिलिपची कात्री थांबली.  दगडूभाऊंनी आवाज चढवला नाही. "मला मोकळं व्हायला माझी आय मराय पायजे व्हय? रोज संध्याकाळी घरी गेलो की मी तिच्या म्हातारपनाकडं बघत बसू, कवा संपतंय म्हनून? आसलं मोकळं हून मी काय करू, पत्रकवाले?"

 माझ्या वाचनातल्या कुठल्याच पत्रकात हे नव्हतं. मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा मीही लोकांच्या माना बघितल्या.

दोन महिन्यांनी, पावसानं दडी मारली होती त्या दिवसांत, दगडूभाऊ छापखान्याच्या दारात येऊन म्हणाले, "डोकं ठरलं. सोमवारी या."

सोमवारी सलूनं बंद असतात. फिलिपनं दुकानाची एकच फळी काढली होती. तो अजून कुरकुरत होता. दगडूभाऊंनी त्याच्या हातातून कात्री घेतली, कानामागची एक बट ओढली आणि कापली. ती जमिनीवर पडल्यावर आम्ही तिघंही जरा वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

"झालं," ते म्हणाले. "लोखंड मी लावलं. कोप हुयाचा तर माझ्यावर हुईल. आता धरा."

फिलिपनं छातीवर क्रूस काढला आणि पाण्याचा फवारा उचलला. दगडूभाऊंनी त्याचा हात धरला. "वलं न्हाई करायचं."

"मला शिकवताय? ओला कुरळा केस खोटं बोलतो, मला ठाऊक आहे. लांब आहे म्हणून सांगतो आणि वाळला की दोन बोटं वर पळतो. पण एवढी धूळ आहे."

"धूळ ऱ्हाऊ द्या. वरची दोन बोटं पळाली तर माझं सगळं वाया जाईल."

मग त्यांनी आपल्या डोक्यावर तळहात ठेवून दाखवलं. कानाच्या वर, कपाळापासून टाळूपर्यंत जेवढा भाग तळव्याखाली येतो तेवढ्यावर चार बोटं केस ठेवायचे, एक धागा कमी नाही. कानाखाली आणि मागं काय करायचं ते करा, उतरत उतरत मानेवर साफ आणा.

"हे अर्धंच झालं," मी म्हटल्याशिवाय राहिलो नाही. "कापायचे तर सगळे कापा. वरच्याला कुणाची भीती?"

दगडूभाऊ आरशात बघून बोलले. माझ्याकडे पाठ होती म्हणून कदाचित बोलता आलं असेल.

"रोज धक्क्यावरनं घरी गेलो की मी केस सोडून आयच्या म्होरं बसतू. तिला दिसत न्हाई. ती माझ्या डोक्यावर हात ठिवती. केस हायेत, म्हंजी मी हाय. मग ती भाकरी खाती." त्यांनी पुन्हा तळहात टाळूवर ठेवला. "हात हितंच आसतू. कानाच्या खाली येत न्हाई. येकदाच आल्ता, मी पोतराज झालो त्या साली. खाली वळ लागलं हाताला. त्यावर पुन्यांदा कवा खाली आला न्हाई."

फिलिप कात्री धरून उभा होता.

"वरीसभर बघितलं मी," दगडूभाऊ म्हणाले. "दोन महिनं तर मागचे केस सदऱ्यात कोंबून बसत हुतो. तिला कळलं न्हाई. म्हनून मागून उतरतं पायजे. वरचं तिचं, खालचं माझं."

 फिलिपनं कोरडे केस कापायला सुरुवात केली. दोन तास लागले. आधी कात्री, मग कंगव्यावर कात्री, शेवटी मानेपाशी हातमशीन. दर थोड्या वेळानं तो थांबे, आपला तळहात दगडूभाऊंच्या डोक्यावर ठेवे, डोळे मिटे आणि मान हलवे. इतका गंभीर झालेला न्हावी मी पुन्हा पाहिला नाही. काम झाल्यावर सवयीप्रमाणे त्यानं मानेवर पावडर मारली आणि मागं दुसरा आरसा धरला. दगडूभाऊंनी आपली मान आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ पाहिली. सदऱ्याच्या गळ्यातून वर आलेले वळांचे दोन शेंडे तेवढे दिसत होते. ते त्यांनी कॉलर वर ओढून झाकले.

दगडूभाऊंनी कापलेले केस पंच्यात बांधून काखेत मारले आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी निघालो. वस्ती रुळांच्या पलीकडे होती. वाटेत ते दोनदा थांबले. 

म्हातारी दारात बसून शेंगा फोडत होती. पावलांवरून ओळखून म्हणाली, "आज लौकर आलास? आन् संगं कोन हाय?"

"छापखान्यातले पावनं हायेत, आये." दगडूभाऊ तिच्यापुढं मांडी घालून बसले आणि डोकं खाली केलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो.

तिनं हात पुढं केला. तो थेट टाळूवर आला. बोटं कुरळ्यांत शिरली, एकदा मिटली, उघडली. म्हातारीच्या हाताला नेहमीचं समाधान मिळालं असावं, कारण दगडूभाऊंचे खांदे सैल झाले. हिशेब चोख बसला होता. एक धागा कमी नव्हता.

मग तिनं नाक वर केलं. "कसला वास येतूय रं?"

वर्षभर त्यांनी हाताचा विचार केला होता. नाकाचा केला नव्हता.

"पावडरीचा," म्हातारीच म्हणाली. कुणी काही सांगायच्या आत तिचा हात टाळूवरून हलला, कानामागून खाली आला आणि ताज्या कापलेल्या मानेवर थांबला. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, देवी काही करत नाही, विज्ञान असं सांगतं. दगडूभाऊंनी डोळे मिटले होते.

"लोखंड लावलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"कवा?"

"दुपारी."

 शेंगांची टरफलं मांडीवरून घरंगळत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. दुसरा हात पुढं आला आणि तिनं दगडूभाऊंचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, ओठांपाशी आल्यावर त्याचा श्वास हाताला लागेपर्यंत बोटं तिथं धरली.

"आन् अजून बसलायस माझ्या म्होरं," ती म्हणाली.

"बसलोय, आये."

मानेवरचा हात पुन्हा हलला. तो कॉलरपाशी आला, थोडा थबकला, मग कॉलरीच्या आत गेला. सदऱ्याखाली तो हळूहळू सरकत होता ते बाहेरून दिसत होतं. एका वळावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. म्हातारी एकेक वळ पुरा करूनच पुढं जात होती.

"ह्ये दुखत्यात का रं?"

"न्हाई."

"खोटं नगं बोलू."

 मग पस्तिशीचा तो माणूस, पोतं उचलताना ज्याच्या तोंडून कधी आवाज निघाला नव्हता, अगदी हळू आवाजात म्हणाला,

"थंडीत दुखत्यात जरा."

म्हातारीनं हात तिथंच ठेवला.